अंतर, वेग आणि वेळ: शाब्दिक उदाहरणातून समीकरण कसं काढायचं

दहावीचा बीजगणिताचा पेपर असो की पोलीस भरतीची परीक्षा, अंतर-वेग-वेळेच्या उदाहरणांत गुण जातात ते समीकरण मांडताना, सोडवताना क्वचितच. ४०क्ष = ६०(क्ष − १) असं समीकरण आयतं दिलं तर आठवीतली मुलंही दोन ओळींत ते सोडवतात. तेच समीकरण ‘एक बस सकाळी सहा वाजता निघाली, तासाभराने...’ अशा वाक्यांमागे दडलं की पेन थांबतं. म्हणून इथे भर मांडणीवर आहे. सोडवण्याच्या पायऱ्या जिथे नेहमीच्या आहेत तिथे त्या भराभर उरकल्या आहेत.

सूत्र एकच पाठ करा

अंतर = वेग × वेळ. वेग = अंतर ÷ वेळ आणि वेळ = अंतर ÷ वेग ही दोन्ही रूपं त्यातूनच निघतात, वेगळी घोकायची गरज नाही. तीन अक्षरांचा त्रिकोण काढून हवं ते अक्षर बोटाने झाकायची युक्ती पुष्कळ क्लासमध्ये शिकवतात. आकडे भरायच्या सोप्या उदाहरणाला ती पुरते. वेगाच्या जागी (क्ष + १६) आणि अंतराच्या जागी १९२ आलं की मात्र त्रिकोणाची सवय लागलेला विद्यार्थी अडतो, कारण त्याने भागाकार का करायचा हे कधी पाहिलेलंच नसतं.

हे सूत्र वेग कायम असेल तरच लागू पडतं. रस्त्यावर वेग कधीच कायम नसतो, म्हणून उदाहरणातला ‘वेग’ म्हणजे त्या टप्प्यापुरता सरासरी वेग समजायचा. प्रवासात वेग बदलला असं उदाहरणात म्हटलं असेल तर प्रवासाचे दोन टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याला सूत्र वेगळं लावायचं.

आधी एककं, मग क्ष

वेग ताशी किलोमीटरमध्ये असेल तर वेळ तासांत आणि अंतर किलोमीटरमध्येच हवं. समीकरण लिहायच्या आधी हे जुळवून घ्या, नंतर जुळवायला गेलात की चूक ठरलेली.

सर्वांत जास्त घात करतात ती मिनिटं. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं: २०/६० = १/३, म्हणून १ तास २० मिनिटं = ४/३ तास. हे काही अपूर्णांक डोळ्यांखालून घालून ठेवा: ५ मिनिटं १/१२, १० मिनिटं १/६, १५ मिनिटं १/४, ३६ मिनिटं ३/५, ४० मिनिटं २/३, ४५ मिनिटं ३/४. आणि अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच राहू द्या. १३/३ तासांच्या जागी ४.३३ लिहून ४५ ने गुणलं तर १९४.८५ येतं, खरं उत्तर १९५ आहे. पर्यायी प्रश्नात १९४ आणि १९५ हे दोन्ही पर्याय दिलेले असतील तर तिथेच फसायला होतं.

रेल्वेगाडी खांब किंवा फलाट ओलांडते त्या उदाहरणांत अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत असते. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला ५/१८ ने गुणायचं, कारण १ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद आणि १०००/३६०० = ५/१८. गुणायचं ५/१८ ने की १८/५ ने, असा गोंधळ झाला तर एवढंच आठवा: सेकंदाला मीटरचा आकडा नेहमी लहान असतो. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५.

तक्ता, आणि तिसऱ्या रकान्याचा नियम

हे उदाहरण घ्या. गावापासून महामार्गापर्यंतचा रस्ता खराब आहे, तिथे जीप ताशी ३० किमीने जाते. महामार्गावर ती ताशी ७५ किमीने जाते. एकूण १५० किमी अंतर कापायला ३ तास लागले. खराब रस्ता किती किलोमीटर?

प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला एक ओळ आणि वेग, वेळ, अंतर असे तीन रकाने काढा.

| टप्पा | वेग | वेळ | अंतर |
|---|---|---|---|
| खराब रस्ता | ३० | क्ष | ३०क्ष |
| महामार्ग | ७५ | ३ − क्ष | ७५(३ − क्ष) |

पहिला रकाना (वेग) उदाहरणातच दिला आहे. दुसऱ्या रकान्यात (वेळ) आपण चल घेतला आणि ‘एकूण ३ तास’ ही माहिती वापरून दुसऱ्या ओळीत ३ − क्ष लिहिलं. तिसरा रकाना सूत्राने भरला. आता समीकरण तिसऱ्याच रकान्यातून निघणार. अंतराबद्दल उदाहरण काय सांगतं? एकूण १५० किमी. म्हणून

३०क्ष + ७५(३ − क्ष) = १५०
२२५ − ४५क्ष = १५०
क्ष = ७५/४५ = ५/३ तास

म्हणजे १ तास ४० मिनिटं. विचारलं आहे अंतर, म्हणून ३० × ५/३ = ५० किमी. क्षची किंमत आली म्हणून पेन खाली ठेवणारे पुष्कळ असतात. प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका.

एक रकाना दिलेला, एक चलाचा, एक सूत्राने भरलेला, आणि समीकरण फक्त सूत्राने भरलेल्या रकान्यातून: हा नियम पुढच्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणाला लागू पडतो. तो मोडला तर काय होतं तेही पाहा. वेळेच्या रकान्यात ‘एकूण ३ तास’ आधीच वापरलं आहे. कुणी त्याच रकान्यातून समीकरण मांडलं तर क्ष + (३ − क्ष) = ३, म्हणजे ३ = ३. ‘क्ष गेलाच, उत्तर येत नाही’ अशी तक्रार आली की एकच माहिती दोनदा वापरली गेली आहे, असं नव्वद टक्के धरून चाला.

चल वेळेऐवजी अंतरालाही धरता येतो. खराब रस्ता क्ष किमी, महामार्ग १५० − क्ष किमी. मग सूत्राने भरायचा रकाना वेळेचा होतो: क्ष/३० + (१५० − क्ष)/७५ = ३. दोन्ही बाजूंना १५० ने गुणलं की ५क्ष + ३०० − २क्ष = ४५०, क्ष = ५०. उत्तर थेट मिळालं, मात्र छेद काढावे लागले. वेग दिलेले असतील तर वेळेला क्ष धरल्याने अपूर्णांक टळतात. विचारलेल्या राशीला क्ष धरल्याने शेवटची पायरी वाचते. आकडेमोडीत चुका होत असतील त्याने पहिला मार्ग घ्यावा.

समोरासमोर येणारी वाहनं

कोल्हापूर ते पुणे रस्त्याने २३० किमी धरा. कोल्हापूरहून सकाळी ६ वाजता एसटी ताशी ५० किमीने पुण्याकडे निघाली. पुण्याहून ७ वाजता मोटार ताशी ७० किमीने कोल्हापूरकडे निघाली. दोघी कधी आणि कुठे भेटतील?

एसटीचा प्रवास क्ष तास धरला तर मोटार एक तास उशिरा निघाली, तिचा प्रवास क्ष − १ तास. अंतरं ५०क्ष आणि ७०(क्ष − १). भेटतात त्या क्षणी दोघींनी मिळून सगळा रस्ता संपवलेला असतो:

५०क्ष + ७०(क्ष − १) = २३०
१२०क्ष = ३००
क्ष = २.५

सहाला निघालेली एसटी अडीच तासांनी, साडेआठ वाजता भेटते. कोल्हापूरपासून १२५ किमी, म्हणजे साताऱ्याच्या आसपास. मोटारीने दीड तासात १०५ किमी कापले; १२५ + १०५ = २३०, ताळा जमला.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, ‘एक तास उशिरा’ वाचून क्ष + १ लिहिणं. उशीर शब्दाला अधिक चिन्ह चिकटवायचा मोह होतो, पण उशिरा निघालेली गाडी भेटेपर्यंत कमी वेळ चाललेली असते. दुसरी, थेट सापेक्ष वेग (इथे दोन्ही वेगांची बेरीज) लावून २३० ÷ १२० करणं. वेगांची बेरीज करायची ती दोन्ही वाहनं चालू असतील त्या काळापुरतीच. हाच मार्ग हवा असेल तर पहिल्या तासाचे ५० किमी आधी वजा करा: १८० ÷ १२० = १.५ तास, सातनंतर दीड तास म्हणजे साडेआठ.

पाठलाग

एक बस पहाटे ५ वाजता ताशी ४५ किमीने निघाली. त्याच ठिकाणाहून त्याच रस्त्याने ६ वाजून २० मिनिटांनी मोटार ताशी ६५ किमीने निघाली. मोटार बसला कधी गाठेल?

वेळेचे रकाने क्ष आणि क्ष − ४/३. गाठणं म्हणजे दोघांनी एकाच जागेपासून तितकंच अंतर कापलेलं असणं, म्हणून इथे बेरीज नाही, बरोबरी:

४५क्ष = ६५(क्ष − ४/३)
२०क्ष = २६०/३
क्ष = १३/३ तास = ४ तास २० मिनिटं

उत्तर सकाळी ९ वाजून २० मिनिटं. बस १९५ किमी गेली. मोटारही तीन तासांत १९५ किमी. उत्तर ऋण आलं तर घाबरू नका, कंसातलं चिन्ह तपासा. ४५क्ष = ६५(क्ष + ४/३) असं उलटं लिहिलं की क्ष = −१३/३ येतं. ऋण वेळ म्हणजे निघण्याच्या आधीच गाठ पडली, आणि हे शक्य नाही, असं समीकरणच सांगत असतं.

वेग मुळीच न देताही असं उदाहरण घालता येतं, आणि त्याचा नमुना जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) साप आणि मोराचं उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो आणि दोघांचा वेग सारखा आहे. बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल?

वेग सारखा, वेळही सारखा, म्हणून दोघांची अंतरं सारखी. गाठ बिळापासून क्ष हातांवर धरली तर साप २७ − क्ष हात सरकला. मोराची झेप काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने तिचा वर्ग ८१ + क्ष².

(२७ − क्ष)² = ८१ + क्ष²
७२९ − ५४क्ष = ८१
क्ष = १२

गाठ १२ हातांवर. साप १५ हात आला, मोरही १५ हात. ‘वेग दिलेलाच नाही’ म्हणून उदाहरण सोडून देण्याआधी दोन रकाने सारखे आहेत का ते पाहावं, ते यासाठी.

उशिरा आणि लवकर पोचणं

परीक्षा केंद्रावर जाणारा विद्यार्थी सायकल ताशी १२ किमीने चालवतो तेव्हा १० मिनिटं उशिरा पोचतो. ताशी १५ किमीने चालवतो तेव्हा ५ मिनिटं लवकर. केंद्र किती दूर?

ठरलेली वेळ किती ते दिलेलं नाही, आणि विचारलेलंही नाही. अंतर क्ष किमी. वेळा क्ष/१२ आणि क्ष/१५. दोन वेळांमधला फरक १५ मिनिटं: एक पोचणं ठरलेल्या वेळेनंतर १० मिनिटांनी, दुसरं तिच्या ५ मिनिटं आधी, म्हणून मिनिटांची बेरीज.

क्ष/१२ − क्ष/१५ = १५/६०
क्ष/६० = १/४
क्ष = १५ किमी

ताळा: ७५ मिनिटं आणि ६० मिनिटं, ठरलेली वेळ ६५ मिनिटं. दोन्ही वेळा उशीरच होत असेल, किंवा दोन्ही वेळा लवकरच पोचत असेल, तर मिनिटांची वजाबाकी करायची. मनात गोंधळ झाला तर एक आडवी रेघ काढा, मध्ये ठरलेली वेळ, डावीकडे लवकर, उजवीकडे उशीर. दोन खुणांमधलं अंतर म्हणजेच समीकरणाची उजवी बाजू. आणि डाव्या बाजूला कमी वेगाची वेळ आधी लिहा, कारण कमी वेगाला जास्त वेळ लागतो. उलटं लिहिलं की अंतर ऋण येतं.

सरासरी वेग: इथे घाई नको

वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला गाडी ताशी सरासरी २४ किमीने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ४० किमीने परत आली. पूर्ण फेरीचा सरासरी वेग किती? ३२ हे उत्तर चूक आहे. एकेरी अंतर क्ष धरा:

एकूण वेळ = क्ष/२४ + क्ष/४० = क्ष/१५
सरासरी वेग = २क्ष ÷ क्ष/१५ = ३०

क्ष कटला, म्हणजे अंतर कितीही असलं तरी उत्तर ३०च. ते ३२ पेक्षा कमी का? कमी वेगाने गाडी जास्त वेळ चालते, म्हणून सरासरी कमी वेगाकडे झुकते. गाडी २४ ने दोन तास आणि ४० ने दोन तास चालली असती तर ३२ बरोबर ठरलं असतं, कारण तिथे वेळ सारखा आहे.

स्पर्धा परीक्षांच्या वर्गात पाठ करून घेतलं जाणारं ‘दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज’ हे सूत्र हेच आहे. ते दोन्ही अंतरं सारखी असतील तरच चालतं. ६० किमी एका वेगाने आणि ९० किमी दुसऱ्या वेगाने अशा उदाहरणाला ते लावणारे दर परीक्षेत असतात. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, या व्याख्येला कुठलीच अट नाही. मिनिटभर जास्त लागला तरी तीच वापरावी.

आणखी एक मासला: जाताना ताशी ३० किमी वेग पडला, तर पूर्ण फेरीची सरासरी ६० यायला परतीचा वेग किती हवा? घाईत ९० लिहिलं जातं. पूर्ण फेरीला मिळणारा वेळ २क्ष/६० = क्ष/३०, आणि तेवढा वेळ जातानाच संपला. परतीला शून्य वेळ उरतो, म्हणून असा वेग नाहीच.

नाव आणि प्रवाह: दोन चलं

नावेचा शांत पाण्यातला वेग क्ष आणि प्रवाहाचा वेग य. प्रवाहाच्या दिशेने जाताना वेग क्ष + य, विरुद्ध दिशेने क्ष − य. नाव वर चढू शकते याचाच अर्थ क्ष हा य पेक्षा मोठा आहे. शेवटी आलेल्या किमती याला धरून आहेत का ते पाहायचं.

एक नाव प्रवाहाच्या दिशेने २४ किमी आणि विरुद्ध दिशेने १६ किमी असं अंतर एकूण ४ तासांत कापते. दिशेने ३६ किमी आणि विरुद्ध ८ किमी जायलाही तिला ४ तासच लागतात. नावेचा आणि प्रवाहाचा वेग काढा.

२४/(क्ष + य) + १६/(क्ष − य) = ४
३६/(क्ष + य) + ८/(क्ष − य) = ४

छेद काढायला जाऊ नका, पसारा होईल. १/(क्ष + य) = म आणि १/(क्ष − य) = न धरा, आणि दोन्ही समीकरणांना ४ ने भागा:

६म + ४न = १
९म + २न = १

दुसऱ्याला २ ने गुणून पहिलं वजा केलं की १२म = १, म = १/१२. मग न = १/८. आता उलटं करायचं: क्ष + य = १२, क्ष − य = ८. बेरजेने क्ष = १०, य = २. नावेचा वेग ताशी १० किमी, प्रवाहाचा २. सर्वाधिक गुण जातात ते इथे: क्ष + य = १/१२ असं लिहून पुढे जाणं. नावेचा वेग तासाला किलोमीटरपेक्षा कमी आला की समजा, म आणि न उलटे करायचे राहिले.

सरावासाठी स्वतः उदाहरण रचताना एक खबरदारी घ्या. दुसरी फेरी ‘३६ किमी दिशेने, २४ किमी विरुद्ध, ६ तास’ अशी दिली तर ३६म + २४न = ६ येतं, आणि हे पहिल्या समीकरणाचीच दीडपट आहे. माहिती दोन वाक्यांत दिली तरी एकच राहिली, उत्तर निश्चित होणार नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. ही मांडणी नदीच्या एका दिशेने वाहणाऱ्या पाण्याला धरून आहे. कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटीमुळे सहा-सव्वासहा तासांनी प्रवाहाची दिशाच फिरते, त्यामुळे लांबच्या फेरीत य चं चिन्ह अर्ध्यावर बदलेल आणि प्रवासाचे टप्पे तिथे तोडावे लागतील.

जिथे वर्गसमीकरण येतं

वेग अज्ञात असेल आणि वेळेतला फरक दिला असेल तर बहुधा वर्गसमीकरणच निघतं. मुंबई सीएसएमटी ते पुणे हे रेल्वेचं अंतर १९२ किमी. एका गाडीचा सरासरी वेग ताशी १६ किमीने वाढवला तर प्रवास १ तासाने कमी होतो. मूळ वेग किती?

१९२/क्ष − १९२/(क्ष + १६) = १

डावीकडे आधी जास्त वेळ, म्हणजे मूळ वेगाचा. छेद काढताना दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + १६) ने गुणा. उजवीकडच्या १ लाही गुणायचं असतं, ते विसरलं की सगळं बिघडतं.

१९२ × १६ = क्ष(क्ष + १६)
क्ष² + १६क्ष − ३०७२ = ०

३०७२ चे असे अवयव हवेत की त्यांच्यात १६ चा फरक असेल. १९२ × १६ गुणून न टाकता फोडून पाहिलं तर लवकर सापडतात: १९२ = ६४ × ३, आणि ३ × १६ = ४८, म्हणून ३०७२ = ६४ × ४८.

(क्ष + ६४)(क्ष − ४८) = ०

वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = ४८. ताळा: ४८ ने ४ तास, ६४ ने ३ तास. नाकारलेली किंमत −६४ आहे, आणि वाढवलेला वेगही ६४ आहे. हा योगायोग नाही. ‘क्ष आणि क्ष + १६ यांचा गुणाकार ३०७२’ या अटीत क्ष = −६४ ठेवला की दुसरी संख्या −४८ येते, म्हणजे तीच जोडी ऋण होऊन परत येते. असल्या उदाहरणांत दुसरं मूळ वाढलेल्या वेगाएवढं, फक्त ऋण, आलं नाही तर अवयव पुन्हा तपासा. पेपरात उलट चिन्हाचं मूळ नाकारलं आहे आणि का नाकारलं आहे, हे एका वाक्यात लिहा.

(कर्जत ते लोणावळा बोर घाटात गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात आणि वेग उतरतो, क्ष हा सरासरी वेग म्हणायचा तो यासाठीच.)

गाडीला लांबी असते

खांब ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीएवढं अंतर जाते. फलाट ओलांडताना स्वतःची लांबी अधिक फलाटाची लांबी, कारण इंजिन फलाटात शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंतची वेळ मोजलेली असते. गाडी खांब १२ सेकंदांत आणि २०० मीटरचा फलाट २२ सेकंदांत ओलांडत असेल, तिची लांबी क्ष मीटर आणि वेग सेकंदाला य मीटर असेल, तर

क्ष = १२य
क्ष + २०० = २२य

वजाबाकीने १०य = २००, य = २०, क्ष = २४०. वेग ताशी ७२ किमी. रेल्वेचा नव्या बनावटीचा (एलएचबी) डबा साधारण २४ मीटरचा असतो, म्हणजे ही दहा डब्यांची गाडी. उत्तर पटण्याजोगं आहे. २४०० मीटर आलं असतं तर शंभर डबे झाले असते. दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असतील तर दोन्ही लांब्यांची बेरीज घ्यायची, मग त्या समोरासमोर असोत की एकाच दिशेने. बदलतो तो फक्त सापेक्ष वेग, समोरासमोर बेरीज आणि एका दिशेने वजाबाकी.

ताळा कशात करायचा

समीकरणात क्षची किंमत ठेवून दोन्ही बाजू जुळल्या तर एवढंच कळतं की समीकरण बरोबर सोडवलं. मांडलेलं समीकरणच चुकलं असेल तर तेही जुळतं. म्हणून ताळा उदाहरणाच्या वाक्यांत करा: आलेल्या वेगाने प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते घड्याळात मांडा आणि दिलेलं प्रत्येक वाक्य खरं ठरतं का पाहा. पर्यायी प्रश्नपत्रिकेत तर उलटीकडूनही जाता येतं. मधला पर्याय वाक्यांत घालून पाहिला की उत्तर त्याच्या वर आहे की खाली, ते लगेच कळतं.

सरावासाठी चार

१. दोन मोटारी १८० किमी अंतरावर आहेत. एकमेकींकडे निघाल्या तर २ तासांत भेटतात, एकाच दिशेने निघाल्या तर वेगवान मोटार दुसरीला ९ तासांत गाठते. वेग काढा.

२. ताशी ४ किमीने चालत गेलं तर १२ मिनिटं उशीर होतो, ताशी ५ किमीने गेलं तर ६ मिनिटं. अंतर किती?

३. शांत पाण्यात ताशी ९ किमी वेग असलेली नाव ३६ किमी वर जाऊन परत येते, एकूण ९ तास लागतात. प्रवाहाचा वेग किती?

४. गाडी सिग्नलचा खांब ९ सेकंदांत आणि १५० मीटरचा फलाट १५ सेकंदांत ओलांडते. लांबी आणि ताशी वेग सांगा.

उत्तरं: १) ताशी ५५ आणि ३५ किमी. २) २ किमी, दोन्ही वेळा उशीर आहे, म्हणून फरक १२ − ६ मिनिटांचा. ३) ताशी ३ किमी; इथे ८१ − य² = ७२ येतं आणि −३ नाकारावं लागतं. ४) २२५ मीटर, ताशी ९० किमी.